महारेराच्या एजंट नोंदणीचं नूतनीकरण पुन्हापुन्हा अडकतंय? या क्रमानं तपासा

आधी लक्षणं. लॉगिन होतं, पण नूतनीकरणाचा अर्ज पुढच्या पानावर सरकत नाही. पासवर्ड बदलायला घेतला की ओटीपी येत नाही. कागद अपलोड करताना दरवेळी त्याच एका कागदापाशी गाडी अडते. बँकेतून पैसे गेले, पावती मात्र आली नाही. आणि सगळ्यात जास्त छळणारं लक्षण म्हणजे अर्ज दाखल झाला, आपण हुश्श केलं, आणि काही आठवड्यांनी कळलं की तो त्रुटी काढून परत आलाय. ती त्रुटी दुरुस्त करावी तर दुसरी निघते.

मी पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात घरांच्या खरेदी-विक्रीचं काम करते. घरं-जमिनींच्या व्यवहारांचं नियमन करणारा रेरा कायदा १ मे २०१७ पासून पूर्ण लागू झाला आणि ३१ जुलैपर्यंत महारेराकडे, म्हणजे त्या कायद्याखालच्या महाराष्ट्राच्या प्राधिकरणाकडे, नोंदणीसाठी आमच्या सगळ्यांची धावपळ उडाली. मी माझा अर्ज स्वतः भरला होता, म्हणून ओळखीतले एजंट मदतीला येऊ लागले, ते आजही येतात. २०२२ मध्ये त्या पहिल्या लोकांची पाच वर्षं संपली तेव्हा आमच्या जेवणाच्या टेबलावर महिनाभर फायलींचा ढीग होता. तेव्हा नूतनीकरण केलेल्यांची दुसरी मुदत २०२७ मध्ये संपते, म्हणून हे आत्ताच लिहून ठेवते आहे.

येणारा प्रत्येक जण "वेबसाइट चालत नाही" असंच म्हणतो. माझा अनुभव असा की बहुतेक वेळा दोष आपल्या कागदांत सापडतो. नाव एका कागदावर एक असतं, दुसऱ्यावर दुसरं. मोबाइल नंबर भलत्याच माणसाचा असतो, पत्ता जुना असतो. पाच वर्षांत हे सगळं बदललेलं असतं आणि आपल्या ते ध्यानातही नसतं. खालचा क्रम फुकट आणि सोप्या तपासणीपासून खर्चिक आणि अवघड तपासणीपर्यंत आहे. मधली पायरी गाळू नका.

तारीख बघा

दोन मिनिटांचं काम, खर्च शून्य. नोंदणी प्रमाणपत्र (नमुना 'एच') काढा आणि त्यावरची मुदत वाचा. प्रमाणपत्र हाताशी नसेल तर महारेराच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांचा शोध कुणालाही लॉगिन न करता घेता येतो. तिथे स्वतःला शोधा. 'ए'नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक, नावाचं अक्षर न् अक्षर आणि मुदत जशी दिसेल तशी वहीत उतरवून घ्या. पुढच्या प्रत्येक पायरीला हे लागणार आहे.

नोंदणी पाच वर्षांची असते. नूतनीकरणाचा अर्ज (नमुना 'जे') मुदत संपण्याच्या किमान ६० दिवस आधी करायचा, असं महाराष्ट्राचे नियम सांगतात. म्हणजे प्रमाणपत्रावरची तारीख ही शेवटची तारीख नव्हे, खरी शेवटची तारीख दोन महिने आधीच येऊन जाते. मी तर सहा महिने आधी सुरुवात करायला सांगते. का, ते नावाच्या भागात कळेल.

मुदत उलटून गेली असेल तर बाकीच्या पायऱ्या सोडा आणि थेट शेवटच्या भागावर जा. ही तपासणी पहिली ठेवली आहे ती त्यासाठीच. मुदत संपलेल्या माणसानं पीडीएफ लहान करत बसण्यात अर्थ नाही.

कॉम्प्युटर, ब्राउझर आणि सिमकार्ड

यावर फार वेळ घालवू नका. मोबाइलवर अर्ज भरत असाल तर कॉम्प्युटरवर बसा. २०२४ मध्ये महारेराचं काम महाक्रिटी या नव्या प्रणालीवर गेलं, त्यामुळे जुना साठवलेला पत्ता पुसून टाका आणि मुख्य संकेतस्थळावरून आत शिरा. पत्त्याच्या शेवटी 'डॉट गव्ह डॉट इन' आहे ना, तेवढं बघा. ब्राउझरची खासगी खिडकी उघडून प्रयत्न करा आणि पॉप-अपवरची बंदी काढा, कारण पैसे भरायचं पान बऱ्याचदा वेगळ्या खिडकीत उघडतं. फॉर्म भरताना ब्राउझरचं मागे जायचं बटण दाबू नका.

ओटीपी येत नसेल तर सगळ्यात आधी त्या सिमचा रिचार्ज बघा. धंद्यासाठी म्हणून घेतलेलं आणि आता ड्रॉवरमध्ये पडलेलं दुसरं सिम असेल, तर त्याची वैधता संपून येणारे मेसेजही बंद झालेले असतात. ईमेल येत नसेल तर स्पॅमचा कप्पा उघडा. आणि त्रुटीची सूचना तिथे पडली आहे का, तेही त्याच वेळी बघून घ्या.

फाइल अडते ती पासवर्डमुळे

एकाच कागदापाशी अपलोड अडत असेल, तर तो कागद बहुधा ई-आधार किंवा ई-पॅन असतो. डाउनलोड केलेल्या ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो: इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मवर्ष. ई-पॅनचा पासवर्ड म्हणजे जन्मतारीख. तुमच्या कॉम्प्युटरवर ती फाइल उघडते म्हणून तुम्हाला ती धड वाटते. पण कुलूप लावलेली फाइल प्रणाली घेत नाही, आणि चुकून घेतलीच तर तपासणाऱ्याला ती उघडत नाही. मग 'कागद वाचता येत नाही' अशी त्रुटी येते आणि आपण तीच फाइल पुन्हा जोडतो. एका गृहस्थांनी असं तीन वेळा केलं होतं.

उपाय सोपा आहे. फाइल पासवर्ड टाकून उघडा, प्रिंटचा पर्याय निवडा आणि प्रिंटरऐवजी पीडीएफ म्हणून सेव्ह करा. नवी फाइल कुलपाशिवाय तयार होते. फाइलचं नाव इंग्रजीत, छोटं, मोकळ्या जागा आणि चिन्हं न घालता ठेवा. पानावर दिलेली आकाराची मर्यादा वाचा. मोबाइलनं काढलेल्या फोटोची पीडीएफ फार मोठी होते, त्यापेक्षा झेरॉक्सच्या दुकानात दहा-वीस रुपयांत स्कॅन करून घेतलेलं बरं. लेटरहेड, शिक्क्याची प्रतिमा आणि पावतीचा नमुना हे कागद एजंटाकडून मागितले जातात. त्यांच्यावर जुना पत्ता छापलेला असेल तर अपलोड करण्याआधीच बदलून घ्या.

पैसे गेले, पावती नाही

पहिली गोष्ट म्हणजे लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका. रक्कम लहान नसते. नवी नोंदणी करतानाच व्यक्तीला १० हजार आणि कंपनी, भागीदारी अशा इतरांना १ लाख रुपये लागतात. घाईघाईत दुबार भरलेले पैसे परत मिळवण्यात जो वेळ जातो, तो मूळ अडचणीपेक्षा जास्त असतो.

बँकेच्या खातेउताऱ्यातून व्यवहाराचा संदर्भ क्रमांक लिहून घ्या आणि स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. खात्यातून पैसे गेले पण समोरच्याकडे पोचल्याची खात्री झाली नाही, असा कार्डाचा किंवा यूपीआयनं व्यापाऱ्याला केलेला व्यवहार पाच दिवसांत आपोआप उलटला पाहिजे, आणि त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळाली पाहिजे, असं रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक सांगतं. म्हणून पाच दिवस थांबा. पैसे परत आले तर पुन्हा भरा. परत आले नाहीत आणि पावतीही नाही, तर संदर्भ क्रमांक देऊन आधी बँकेकडे आणि मग महारेराच्या हेल्पडेस्ककडे लेखी विचारा. ६० दिवसांच्या मुदतीला टेकून अर्ज करणाऱ्याला हे पाच दिवस परवडत नाहीत.

कंपनीच्या चालू खात्यातून पैसे भरणाऱ्यांची गोष्ट जरा वेगळी. अनेक चालू खात्यांवर एक जण व्यवहार टाकतो आणि दुसरा त्याला मंजुरी देतो. दुसरे भागीदार साइटवर असतात, मंजुरी संध्याकाळी देतात, तोवर पैसे भरायच्या पानाची वेळ संपलेली असते. दोघं एकाच वेळी फोनवर असताना पैसे भरा. यूपीआयची नेहमीची मर्यादा दिवसाला १ लाख आहे, आणि बँकेनं तुमच्या खात्याला ती त्याहून कमी ठेवलेली असू शकते. मोठ्या रकमेसाठी नेट बँकिंग वापरा.

लॉगिन नक्की कुणाचं आहे?

इथपर्यंत दोष सापडला नसेल तर आता मुळाशी जाऊ.

२०१७ च्या गर्दीत पुष्कळ एजंटांनी फॉर्म बाहेरून भरून घेतला. नेट कॅफेतला मुलगा, टॅक्सचं काम करणारा ओळखीचा माणूस, बिल्डरच्या ऑफिसातला कारकून, असं कुणीतरी तो भरला आणि सोयीसाठी स्वतःचाच ईमेल आणि मोबाइल टाकला. धायरीचे एक काका माझ्याकडे आले तेव्हा चार महिने हैराण होते. अर्ज केला, पैसे भरले, उत्तर काही नाही. शोधल्यावर कळलं की त्यांच्या नोंदणीला जोडलेला ईमेल २०१७ मध्ये फॉर्म भरून देणाऱ्या दुकानाचा होता. ते दुकान बंद होऊन तीन वर्षं झाली होती आणि त्रुटीची पत्रं त्याच ईमेलवर जात होती. काकांची एकच चूक झाली होती, त्यांनी भरवसा ठेवला.

म्हणून प्रोफाइल उघडा आणि तिथला मोबाइल व ईमेल मोठ्यानं वाचा. दोन्ही तुमचे स्वतःचे नसतील तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ते बदला. जुना नंबर ज्याचा आहे त्या माणसाला फोन करा. बहुतेक जण ओटीपी सांगून मदत करतात, पाच मिनिटांत काम होतं. तो माणूस सापडत नसेल तर नोंदणी प्रमाणपत्र, पॅन आणि आधार जोडून हेल्पडेस्कला लेखी विनंती करा आणि पोच जपून ठेवा.

वैतागून नवं खातं काढून नव्यानं नोंदणी करायच्या फंदात मात्र पडू नका. कायद्याच्या कलम ९ प्रमाणे तुमच्या मार्फत होणाऱ्या प्रत्येक विक्रीत तुमचा नोंदणी क्रमांक लिहावा लागतो. बिल्डर आपल्या प्रकल्पाच्या माहितीत एजंटांची नावं देतो, तिथेही तुमची जुनी नोंद असते. एकाच पॅनवर दोन खाती झाली की कुठला क्रमांक खरा, याचं उत्तर देत बसावं लागतं. असा गुंता सोडवायला मला एकदा पावसाळ्याचे दोन महिने लागले होते.

एका माणसाची चार नावं

त्रुटी दुरुस्त केली की दुसरी निघते, या लक्षणाचं मूळ जवळपास नेहमी इथे असतं.

आपल्याकडे माणसाचं नाव तीन शब्दांचं असतं आणि प्रत्येक कार्यालय ते आपल्या पद्धतीनं लिहितं. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी असतं. आधार काढताना जे सांगितलं ते आधारवर. पॅनवर कधी वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. बँकेत मधलं नावच नाही. त्यावर इंग्रजी स्पेलिंगचा घोळ. 'चव्हाण' आणि 'गायकवाड' ही आडनावं एकाच घरातल्या दोन भावांनी दोन तऱ्हांनी लिहिलेली मी पाहिली आहेत. बायकांचं तर आणखी अवघड. लग्नाआधी नोकरी होती म्हणून पॅन माहेरच्या नावानं, आधार सासरच्या नावानं, आणि नोंदणी ज्यानं फॉर्म भरला त्याला जे बरं वाटलं त्या नावानं. माझ्या मैत्रिणीच्या फायलीत तर तीन आडनावं होती, कारण गावाकडे एक लावतात आणि शहरात दुसरं.

एका कोऱ्या कागदावर चार ओळी आखा: महारेराची नोंद, पॅन, आधार, बँक. प्रत्येकावर जे इंग्रजी नाव आहे ते जसंच्या तसं, एक-एक अक्षर मोजून लिहा. हातानंच लिहा. नुसतं वाचताना डोळा चुकीची अक्षरं बरोबर करून घेतो, लिहिताना फरक पकडला जातो. प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राची पाचवी ओळही जोडा, त्याबद्दल पुढे सांगतेच.

फरक सापडला की कुठलं नाव खरं धरायचं? माझं मत पॅनच्या बाजूनं आहे. दलालीवर कापलेला टीडीएस पॅनवर जमा होतो, विवरणपत्र पॅनवर भरलं जातं, आणि विवरणपत्रांच्या प्रतीही नोंदणीच्या कागदांत लागतात. पॅनवरचंच नाव चुकीचं असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा आधी पॅन दुरुस्त करा. आधारवरचं नाव आयुष्यात फक्त दोनदा बदलता येतं, त्यामुळे तिथे हात घालण्याआधी दहा वेळा विचार करा आणि अंतिम स्पेलिंग ठरवूनच जा. लग्नानंतरच्या बदलाला विवाह नोंदणी प्रमाणपत्र सहसा पुरतं. नाव मुळातूनच वेगळं असेल तर राजपत्रात प्रसिद्धी द्यावी लागते. या सगळ्याला आठवडे लागतात, कधी महिने. सहा महिने आधी सुरुवात करा म्हणते ती याचसाठी.

कागद एकसारखे झाले की मगच प्रोफाइलकडे वळा. जे स्वतः बदलता येतं ते बदला, जे रकाने बंद असतील त्यांच्यासाठी जुना आणि नवा दोन्ही पुरावे जोडून विनंती करा. हे सगळं अर्ज पुन्हा पाठवण्याआधी करा. घाईत अर्ध्या दुरुस्त्या करून अर्ज पाठवला की नाव सुटलं तर पॅन अडतो, पॅन सुटला तर बँक अडते, आणि साखळी संपतच नाही.

पत्ता

ऑफिस भाड्याचं असेल तर करारावरची तारीख बघा. आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्स बहुधा ११ महिन्यांचा असतो, आणि नोंदणीला पाच वर्षं झालेली असतात. तुम्ही जोडलेला करार कधीच संपलेला असतो. चालू करार हवा, आणि तो नोंदवलेला हवा. स्वतःची जागा असेल तर घरपट्टीची पावती किंवा लाईट बिल, पण त्यावरचं नाव तुमचंच आहे ना? वडिलांच्या नावावरची जागा असेल तर त्यांचं संमतिपत्र जोडा.

गुमास्त्याबद्दलही, म्हणजे दुकान-ऑफिसच्या परवान्याबद्दलही, बरेच लोक गोंधळतात. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानंतर दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणाला जुन्या पद्धतीचा परवाना मिळत नाही. ऑनलाइन सूचना द्यायची आणि तिची पावती मिळते. तीच पावती जोडा, परवाना शोधत बसू नका.

सावंतवाडी-दोडामार्गकडचे काही एजंट गोव्यातल्या पेडण्याचीही कामं करतात. महाराष्ट्राची नोंदणी महाराष्ट्रापुरतीच असते, गोव्याची वेगळी घ्यावी लागते. आणि ती घेतलेली असेल तर इथल्या अर्जात दाखवावी लागते. ती लपवली गेली तर पुढे खोटी माहिती दिल्याचा मुद्दा उभा राहतो.

प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र

हे शेवटी ठेवलं, कारण नसेल तर इतर कशानंही भागत नाही आणि मिळवायला वेळ व पैसा दोन्ही लागतात. जानेवारी २०२३ च्या आदेशानं महारेरानं एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. पहिली परीक्षा २० मे २०२३ ला झाली. जुन्या एजंटांनाही ते लागू झालं, आणि प्रमाणपत्र न दिलेल्या सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी २०२४ मध्ये एका वर्षासाठी स्थगित झाली. त्यातले काही आमच्याच भागातले होते, वीस-वीस वर्षं धंदा केलेली माणसं. "आम्हाला काय शिकवणार?" म्हणून ते बसून राहिले होते.

प्रमाणपत्र असूनही अर्ज अडत असेल तर दोन गोष्टी बघा. ते प्रोफाइलमध्ये खरोखर चढवलंय का, की नुसतं कपाटात आहे? आणि त्यावरचं नाव नोंदणीतल्या नावाशी जुळतं का? परीक्षेचा फॉर्म आधार बघून भरलेला असतो आणि नोंदणी पॅन बघून झालेली असते. प्रमाणपत्र नसेल तर आज प्रशिक्षणाला नाव द्या. परीक्षा मराठीतूनही देता येते. एका साठीच्या काकूंनी ती पहिल्या फटक्यात दिली, त्यांच्या तयारीच्या वह्या मी अजून इतरांना वाचायला देते.

इथे थांबा, तज्ज्ञाकडे जा

काही परिस्थितींत मी स्वतः फायलीला हात लावत नाही, तुम्हीही लावू नका.

मुदत संपलेली आहे आणि त्यानंतरही तुम्ही व्यवहार केले असतील, तर आधी जाहिराती उतरवा, नवे व्यवहार थांबवा आणि वकिलाला भेटा. नोंदणीशिवाय काम केल्यास रेरा कायद्याच्या कलम ६२ प्रमाणे दिवसाला १० हजार रुपये दंड होऊ शकतो आणि तो वाढत जाऊन त्या मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत पोचू शकतो. इथे पश्चात्तापाचा ईमेल स्वतः लिहून पाठवू नका. त्यातलं प्रत्येक वाक्य कबुली धरलं जाऊ शकतं.

नोंदणी स्थगित किंवा रद्द झाली असेल, कारणे दाखवा नोटीस आली असेल, तर तिच्यावरची मुदत बघा आणि त्याच दिवशी वकील गाठा. रद्द करण्यापूर्वी तुमचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे, असं कायदाच सांगतो, आणि ती संधी नीट मांडलेल्या उत्तरानं वापरायची असते. महारेराच्या आदेशाविरुद्ध अपिलीय न्यायाधिकरणाकडे जायला ६० दिवस मिळतात.

व्यवसायाचं रूप बदललं असेल, म्हणजे एकल मालकीची भागीदारी झाली, भागीदार निघून गेला, किंवा वडील वारले आणि मुलगा काम बघतो, तर हा नूतनीकरणाचा प्रश्नच राहत नाही. नोंदणी ज्याच्या नावावर आहे त्याचीच असते. तिथे आधी सीएंना विचारा. तुमच्यावर ग्राहकाची तक्रार किंवा खटला चालू असेल तर अर्जातल्या त्या रकान्यात काय लिहायचं, हेही वकिलानंच ठरवावं.

जाताना नोंदणी प्रमाणपत्र, अर्ज आणि पैशांच्या पोचपावत्या, आलेल्या सगळ्या ईमेलच्या छापील प्रती तारखेच्या क्रमानं, मुदत संपल्यानंतर काही व्यवहार झाले असतील तर त्यांची खरीखुरी यादी, आणि चार ओळींचा तो हातानं लिहिलेला कागद बरोबर न्या.